लालबाग: गिरणीचा भोंगा आणि खानावळीची वही



आज मी तुम्हाला मुंबईतल्या एका लहानशा भागाची गोष्ट सांगणार आहे. लालबागची. नाव तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे ते गणपतीमुळे. भाद्रपदात दहा दिवस टीव्हीवर दुसरं काही दिसतच नाही. गणपती माझ्या बोलण्यात येईल, पण मध्येच कुठेतरी. मला सांगायचंय ते तिथल्या चुलींबद्दल आणि उधारीबद्दल. आणि ते आजच का, हे आधी सांगते.

गेल्या फाल्गुनात आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई तीस हजारांच्या कर्जाचा अर्ज घेऊन आली. गावाबाहेर रस्त्याचं काम चालू आहे, तिथल्या अठरा मजुरांना ती दोन वेळचा डबा देते. काम जोरात आहे, पण हातात पैसा नाही. ठेकेदार मजुरांना वेळेवर देत नाही, मजूर हिला देत नाहीत, आणि किराणा दुकानदार आता हिला उधार देत नाही. अर्ज वाचला आणि बैठकीत दोन तट पडले. एक म्हणाली, बुडत्या धंद्यात गटाचा पैसा कशाला घालायचा? दुसरी म्हणाली, मग त्या माणसांनी उपाशी झोपायचं का? आवाज इतके चढले की शेजारच्या मावशी डोकावून गेल्या. मी म्हटलं, पुढच्या बैठकीत ठरवू. समन्वयक म्हणून मला तेवढं एक वाक्य चांगलं जमतं.

त्या रात्री मला आत्याची वही आठवली.

माझी आत्या १९६६ साली लग्न होऊन आमच्या पाटण तालुक्यातून लालबागला गेली. काका गिरणीत होते. सोळा-सतरा वर्षं तिने तिथे खानावळ चालवली आणि मग दोघं गावी परत आली. तिच्या पत्र्याच्या पेटीत लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही आहे. ती ती कोणाला हात लावू देत नाही. चैत्रात आमच्या गटातल्या चौघी मसाल्याचा बाजार बघायला लालबागला जाणारच होतो. आत्या म्हणाली, "मी पण येते. रस्ता मी दाखवते." प्रत्यक्षात रस्ता आम्हीच तिला दाखवला, कारण तिच्या वेळच्या खुणा आता उरलेल्या नाहीत.

आता लालबाग आहे कुठे? दादरला उतरून कल्याणकडून येणारी धीमी लोकल धरायची. परळ जातं, मग करी रोड, मग चिंचपोकळी. करी रोडला किंवा चिंचपोकळीला उतरून पूर्वेला चालत गेलं की डॉ. आंबेडकर रस्ता लागतो. त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे पसरलंय ते लालबाग. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आपण वीस-पंचवीस मिनिटांत चालत जाऊ. वरून उड्डाणपूल गेलाय, त्यामुळे गाडीने जाणाऱ्याला लालबाग दिसतच नाही. ते बघायला खाली उतरावं लागतं.

आज हा भाग मुंबईच्या पोटात आहे, पण एके काळी तो शहराबाहेर होता. मुंबई म्हणजे तेव्हा दक्षिणेकडचा किल्ला आणि त्याच्या आसपासची वस्ती. परळ-लालबागकडे वाड्या, बागा, तळी, भातखाचरं. हवा चांगली म्हणून इंग्रज गव्हर्नरचा बंगलाही परळला होता. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि १८९९ पासून त्याच बंगल्यात डॉ. हाफकिन यांची लस बनवण्याची प्रयोगशाळा सुरू झाली. ती हाफकिन संस्था आजही तिथे आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणी आजारी माणसाला घेऊन केईएमला, वाडियाला, टाटाला गेल्या असाल. ते सगळं परळला, म्हणजे लालबागच्या शेजारीच. रुग्णालयाच्या बाहेर बसून ज्यांनी रात्री काढल्या, त्या लालबागपासून हाकेच्या अंतरावर होत्या.

बागांचं रूप पालटलं ते गिरण्यांमुळे. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी काढायला घेतली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत धुराड्यांचं रान उभं राहिलं. या सगळ्या पट्ट्याला लोक गिरणगाव म्हणू लागले. लालबाग त्याच्या मधोमध. गिरणी म्हणजे भोंगा. आत्या सांगते, घड्याळ कोणाकडेच नव्हतं, पण प्रत्येक गिरणीचा भोंगा बायका आवाजावरून ओळखायच्या. कोणाची भाकरी कधी थापायची ते भोंगा सांगायचा.

कामाला आली ती आपलीच माणसं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, पुणे, नगरकडची, आणि उत्तरेकडची भय्ये मंडळीही. जमीन थोडी, पाऊस लहरी, खाणारी तोंडं जास्त. घरातला एक मुलगा मुंबईला धाडायचा आणि त्याच्या मनीऑर्डरीवर घर चालवायचं. आपल्याकडच्या कितीतरी घरांचे वासे लालबाग-परळच्या पगारातून चढलेत. पण तो पगार कसा मिळायचा? गिरणीत कायम होईपर्यंत माणूस 'बदली' असायचा. रोज दारात जाऊन उभं राहायचं, कोणी आलं नसेल तर त्याच्या जागी काम, नाहीतर परत. काहींनी दहा-दहा वर्षं बदलीत काढली. कामं जातीनेही वाटलेली होती. विणकाम खात्यात पगार बरा, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. विटाळाचं कारण सांगून दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला होता. गिरणगावाच्या एकीच्या गोष्टी आपण ऐकतो, त्या खऱ्याही आहेत, पण ही गोष्टही तितकीच खरी.

एकीचं म्हणाल तर १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. १९२८ चा संप सहा महिने चालला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर गिरणगाव सगळ्यात पुढे होतं. मोर्चा, सभा, शाहिरी, भजनी मंडळ, कबड्डी, सगळं चाळीच्या अंगणात. मी त्यात जास्त शिरत नाही, कारण त्यावर पुस्तकं आहेत. पुस्तकांत कमी आहे ते स्वयंपाकघर.

गिरणीत बायकाही होत्या, हे मला आधी माहीत नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत जवळपास एक बाई असायची. सूत गुंडाळण्याच्या, रिळांच्या खात्यात त्या काम करायच्या. पार्वतीबाई भोर, उषाताई डांगे यांच्यासारख्या बायकांनी कामगार बायकांना संघटित केलं. बायकांना रात्रपाळी बंद करणारा कायदा आला. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला. कायदे चांगलेच, पण मालकांनी हिशेब केला की बाई महाग पडते. नवीन यंत्रं आली तीही बायकांच्या खात्यात आधी आली. हळूहळू गिरणीतली बाई दिसेनाशी झाली. पुरुषाचा पगार पुरत नव्हता, बाईला गिरणीत काम नव्हतं. मग तिने केलं काय? घरात होती ती चूल कामाला लावली.

गिरणगावात पुरुष जास्त आणि बायका कमी. लग्न झालेला असला तरी बायको गावी शेतावर. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस जण राहायचे, त्याला गाळा म्हणत. एका गावची किंवा एका भावकीची माणसं मिळून भाडं भरायची. तीन पाळ्या असल्यामुळे सगळे एका वेळी खोलीत नसायचेच. सकाळी सातला पहिली पाळी निघाली की रात्रपाळीचे येऊन त्याच वळकटीवर झोपायचे. खोलीत चूल नाही. मग जेवायचं कुठे? चाळीतल्याच एखाद्या बाईकडे. ही खानावळ. पाटी नाही, टेबल नाही. बाईच्या स्वतःच्या खोलीत पंगत, किंवा गिरणीच्या दारात डबा.

आत्याकडे बावीस मेंबर होते. खोली दहा बाय दहा, त्यात ती, काका आणि दोन मुलं. जेवणारे आले की मुलं गॅलरीत. पहाटे साडेतीनला उठून नळावर रांग, कारण चारला पाणी यायचं आणि सहाला जायचं. पाच वाजता पहिल्या पाळीच्या भाकऱ्या. दुपारी दुसऱ्या पाळीचे जेवून जाणार, साडेतीनला पहिली पाळी सुटून येणार. रात्री बाराला दुसरी पाळी सुटली की त्यांचं ताट झाकून ठेवलेलं. माणशी वेळेला चार भाकऱ्या धरल्या तरी दिवसाच्या पावणेदोनशे होतात. हे मी तिच्यासमोर बोटं मोजून काढलं, तेव्हा ती म्हणाली, "मोजत बसले असते तर थापल्याच नसत्या." रविवारी मटण किंवा सुकट, आणि संध्याकाळची सुट्टी. ती सुट्टी पण राशनच्या रांगेत जायची.

आता वही. आत्या चौथी शिकलेली. प्रत्येक मेंबरला वहीचं एक पान. जेवला की उभी रेघ, नाही जेवला की फुली, त्याला खाडा म्हणायचं. महिन्याअखेर खाडे वजा करून हिशेब. गिरणीचा पगार महिन्यातून एकदा, म्हणजे बावीस माणसांना महिनाभर आधी जेवायला घालायचं आणि पैसे नंतर. तेवढं भांडवल आणायचं कुठून? वाण्याकडून उधार. वाणी उधारीचा भाव वेगळा लावायचा, रोखीचा वेगळा. कमी पडलं की सावकार. मेंबर आजारी पडला, गावी गेला, बदलीत काम मिळालं नाही, की ते ओझं पुन्हा खानावळवालीवर. मंगळसूत्र सोनाराकडे, भांडी मारवाड्याकडे. आत्याचं मंगळसूत्र तीनदा गेलं आणि तीनदा सुटलं, हे तिने मला चिंचपोकळीच्या पुलावर उभं राहून सांगितलं. त्यासाठीच ती आली होती की काय, असं मला वाटलं.

आपल्या ताईचा धंदा आणि हा धंदा, काही फरक आहे का सांगा.

साधारण १९७३-७४ च्या सुमारास गिरण्यांचा एक मोठा संप झाला, चाळीसेक दिवसांचा. संपकऱ्यांना जेवण कोणी घातलं? खानावळवाल्यांनी. उधारीवर. पगार बंद, तरी ताट बंद झालं नाही. हे प्रेमाताई पुरव यांच्या नजरेला आलं. प्रेमाताई गोवामुक्तीच्या लढ्यातल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. त्यांनी खानावळवाल्यांच्या खोल्यांत जाऊन विचारलं, की संप कामगाराचा, मग कर्ज तुमच्या डोक्यावर का? आणि १९७५ साली त्यांनी या बायकांची संस्था काढली, अन्नपूर्णा महिला मंडळ.

बँकेच्या दारात खानावळवाली कधी गेलीच नव्हती. तिच्याकडे तारण नाही, सही नाही, धंद्याचा परवाना नाही. राष्ट्रीयीकृत बँकांमध्ये त्या वेळी अगदी गरिबांसाठी चार टक्के व्याजाच्या कर्जाची योजना १९७२ पासून होती, पण ती या बायकांपर्यंत पोचली नव्हती. प्रेमाताईंनी बँकेला पटवलं. सुरुवातीला चौदा बायकांना कर्ज मिळालं, हजार-दीड हजारांचं. आज ती रक्कम ऐकून हसू येतं, पण तेवढ्यात वाण्याची जुनी उधारी फिटून महिन्याचं सामान रोखीने यायचं. रोखीने आणलं की तोच तांदूळ स्वस्त. तारणाच्या जागी काय? शेजारणी. एका आळीतल्या बायकांचा गट करायचा, सगळ्यांनी एकमेकींना जामीन राहायचं, एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्या तिच्या दारात. बायका अंगठा लावता लावता सही शिकल्या. कर्ज फिटलं की पुढचं मोठं.

ऐकून काही आठवतंय ना? बांगलादेशातल्या ज्या प्रयोगाचं नाव आपण प्रशिक्षणात ऐकतो, तो सुरू झाला १९७६ साली. नाबार्डने बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली १९९२ साली. आणि लालबाग-परळच्या बायका १९७५ मध्ये हे करून बसल्या होत्या. आपलं माविमही त्याच वर्षीचं. मला प्रशिक्षणात ढाक्याचं नाव सांगितलं, लालबागचं सांगितलं नाही, याचा मला जरा रागच आहे.

आत्या मात्र त्या पहिल्या चौदांत नव्हती. तिला मंडळाचं कळलं दोन-तीन वर्षांनी. शेजारणीने नेलं, पण काकांनी फॉर्मवर सही करायला नको म्हटलं. बँकवाले खोली जप्त करतील, असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. ती सावकाराकडेच राहिली.

मध्ये गणपतीचं सांगते म्हटलं होतं. लालबागला आधी पेरू चाळीच्या जागेत बाजार भरायचा. १९३२ साली तो बंद झाला. मासे विकणाऱ्या कोळणी आणि छोटे विक्रेते उघड्यावर आले. त्यांनी गणपतीला नवस केला की आम्हाला बाजाराला पक्की जागा मिळू दे. जागा मिळाली, आणि १९३४ साली त्यांनी तिथे गणपती बसवला. तोच लालबागचा राजा. आज तिथे काय काय मागतात लोक, पण मूळचं मागणं होतं टोपली ठेवायला जागा. जवळच्याच गणेश गल्लीचा गणपती त्याहून जुना, १९२८ चा. चिंचपोकळीचा तर १९२० चा. गिरणीतली माणसं दिवसभर यंत्रासमोर, त्यांना आपलं असं काही हवं होतं. मूर्तींचे कारखानेही याच पट्ट्यात आले. आम्ही चैत्रात गेलो तर एका मांडवात नुसते पाय तयार होते, पुरुषभर उंचीचे. आमच्यातली एक जण बराच वेळ त्या पायांकडेच बघत उभी होती.

आणि मग १९८२. जानेवारीची १८ तारीख. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली साठेक गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मागण्या पगारवाढीच्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या. लोकांना वाटलं, महिना-दोन महिने. आत्याने जानेवारीत मेंबरांना सांगितलं, जेवा, नंतर द्या. मागच्या संपात सगळ्यांनी एकूणएक पैसे फेडले होते, मग या वेळी का नाही फेडणार? फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. काही मेंबर गावी गेले, "पगार सुरू झाला की आलोच" म्हणून. मृगाला बावीसचे नऊ राहिले. वाण्याने जूनमध्ये हात वर केले. वहीत जूनच्या पुढे रेघा विरळ होत जातात आणि दिवाळीच्या आसपास थांबतात. तेरा पानांवर बाकी तशीच आहे. त्यातली सहा माणसं आपल्याच तालुक्यातली. आत्याला त्यांची गावं पाठ आहेत. तिने एकाकडेही कधी मागितलं नाही, आणि एकाच्या मुलाने पंधरा वर्षांनी येऊन वडिलांचे पैसे दिले, तेव्हा तिने ते घेतले आणि पान फाडून त्याच्या हातात दिलं.

तो संप रीतसर कोणी मागे घेतलाच नाही. तो विरला. लाखाच्या वर कामगारांना काम परत मिळालं नाही. गिरण्या एकेक करून थंडावल्या, भोंगे थांबले. कितीतरी लोक गावी परतले. तुमच्याही गावात असतील, पारावर बसलेले, खोकणारे, गिरणीच्या गोष्टी सांगणारे. मुंबईत राहिलेल्यांनी भाजीची गाडी लावली, रखवालदारी केली, आणि बायकांनी धुण्याभांड्यांची कामं धरली. संपात पुरुषाचा पगार गेला हे सगळ्यांनी लिहून ठेवलं. त्या पगारावर उधार चाललेली चूल गेली, ते फक्त वह्यांत आहे.

गिरण्यांच्या जमिनीचं पुढे काय झालं तेही थोडक्यात सांगते. १९९१ च्या नियमात असं होतं की गिरणीच्या मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे साधारण तीन भाग करायचे: एक शहराला मैदानासाठी, एक सरकारी घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला, की वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. रिकामी जमीन गिरणीत असणार किती? शहराच्या वाट्याला तुकडे आले आणि बाकीच्यावर मॉल आणि टॉवर. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज दीड लाखाच्या आसपास होते. तुमच्या गावात कोणा कामगाराच्या विधवेने किंवा मुलाने अर्ज केला असेल तर म्हाडाकडेच चौकशी करा. 'नंबर लावून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयासुद्धा देऊ नका. आमच्या शेजारच्या गावात दोघी फसल्यात.

आम्ही आत्याची चाळ शोधली. ती नाही. तिथे काचेची इमारत आहे, आणि दारावरचा रखवालदार नेमका कोकणातला निघाला. त्याने आम्हाला पाणी दिलं. भारतमाता सिनेमा तेवढा ओळखीचा. आत्या म्हणाली, इथे मी सोळा वर्षांत तीन पिक्चर पाहिले.

पण मसाल्याचा बाजार जिवंत आहे. गिरण्या गेल्या आणि हा राहिला, याचं मला राहून राहून नवल वाटतं. चिवड्याची गल्ली आणि मसाल्याची दुकानं, फाल्गुन ते वैशाख तिथे उभं राहायला जागा नसते. शिंकत शिंकतच खरेदी करायची. मुंबईतल्या बायका वर्षाचा मसाला करायला येतात, मालवणी, कोळी, आगरी, आपला घाटी. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला, असं आपल्या घरच्या प्रमाणाने घ्यायचं. मग बाजूलाच देठ काढून मिळतात, मिरची आणि गरम मसाला भाजून मिळतो, डंकावर कुटून मिळतो. घरी जाताना तयार मसाला पिशवीत. गिऱ्हाईक डंकापाशी स्वतः उभं राहतं, आपलीच मिरची आपल्याच मसाल्यात गेली की नाही ते बघायला. आम्ही गटासाठी शिकलो ते हेच. आमचा बेत तयार पाकिटं विकायचा होता. आता विचार असा आहे की तालुक्याच्या बाजारात भाजून-कुटून द्यायचं काम घ्यावं. मिरचीत पैसा गुंतत नाही, मजुरी रोख मिळते. देठ काढायला बसलेल्या एका मावशींशी आत्या बोलत बसली. त्याही गिरणीवाल्याच्या घरच्या. दोघींनी एकमेकींना नाव विचारलं नाही, गाव विचारलं.

वैशाखातल्या बैठकीला मी आत्याला वही घेऊन बोलावलं. ती आली आणि काही बोलली नाही, वही फिरवली. तेरा पानं सगळ्यांनी पाहिली. मग आमच्या डबेवाल्या ताईने स्वतःच सांगितलं की माझी वहीच नाही, सगळं तोंडी आहे. त्यावर पुन्हा वाद झाला, पण या वेळी वेगळा. शेवटी ठरलं ते असं. तीसऐवजी पंधरा हजार द्यायचे, आणि तेही दुकानदाराची उधारी फेडून रोखीने माल आणायलाच. मजुराची उधारी पंधरा दिवसांच्या पुढे गेली की त्याचा डबा थांबवायच्या आधी गटाला सांगायचं. दर शनिवारी वही गटातल्या दोघींनी बघायची. आणि आम्ही सहा जणी मिळून ठेकेदाराच्या मुकादमाकडे गेलो. एकटी ताई गेली की तो फोनवर बोलत राहायचा. सहा जणींसमोर त्याने फोन खाली ठेवला. मजुरांना विचारून त्यांच्या आठवड्याच्या मजुरीतून डब्याचे पैसे वेगळे काढून शनिवारी थेट ताईकडे द्यायचं त्याने कबूल केलं.

पहिले दोन शनिवार पूर्ण पैसे आले. तिसऱ्या शनिवारी अर्धे आले, कारण तीन मजूर गावी निघून गेले होते. ताईने त्यांच्या पानावर बाकी लिहून ठेवली आहे, गावाच्या नावासकट. बैठक येत्या मंगळवारी आहे.